५५ लाखांत घर, खराडीचं ऑफिस आणि "फ्यूचर आहे" म्हणणारे ब्रोकर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्याला तुटक वाटणार नाही. तुम्ही दोघंही नोकरी करता, तुमचं ऑफिस खराडीत, मिसेस नळस्टॉपजवळ एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, सध्या वडगाव बुद्रुकला भाड्याने राहता, लेक पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. १४ लाख साठलेत आणि सगळं धरून ५५ च्या वर जायचं नाही. ब्रोकरने वाघोली, मांजरी आणि चऱ्होली फिरवून आणलं, तिन्हीकडे एकच वाक्य, "सर, फ्यूचर आहे." आणि तुम्ही विचारताय की पुढच्या पाच वर्षांत पुण्यात कुठला एरिया वर येईल. जाता जाता टॉप फ्लोअर दीड लाखाने स्वस्त मिळतोय तो घ्यावा का असंही विचारलंय, ते शेवटी सांगतो.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, गेली १९ वर्षं बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युएशन करतो. तुम्ही होमलोनला अर्ज टाकला की जो माणूस फ्लॅट मोजायला येतो, चार फोटो काढतो आणि चहा नको म्हणतो, तो मी. विकायला माझ्याकडे काही नाही, पण माझ्या नजरेला एक सवय लागलीये ती आधीच सांगून टाकतो, मी घराकडे "उद्या हप्ते थकले तर बँकेला हे विकता येईल का" असं बघतो. त्यामुळे माझं बोलणं जरा रडकं वाटेल. तेवढं वजा करून वाचा.

आता मुद्दा. तुम्ही राहायला घर घेताय ना? मग एरिया वर आला काय आणि नाही आला काय, कागदावर भाव वाढला म्हणून तुमच्या खिशात काही पडत नाही, कारण हे विकून दुसरं घ्यायला जाल तेव्हा तेही वाढलेलंच असतं. ज्याला तुम्ही अपकमिंग म्हणता तो एरिया म्हणजे आत्ता अर्धवट असलेला एरिया. म्हणून तो स्वस्त आहे. तेव्हा विचारायचं ते असं, की तो पूर्ण होईपर्यंत कुठला त्रास आणि किती वर्षं आपण काढू शकतो. हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. पंचविशीतल्या एकट्या मुलाने वाघोलीत कुठेही घेतलं तर मी काही बोलणार नाही, पण तुमच्याकडे सकाळी साडेसातला दोन वेगळ्या दिशांना निघणारी माणसं आहेत आणि एक शाळेची बस आहे.

पुण्यात नवा एरिया कसा बनतो ते बघा. एक गाव असतं, त्याला बैलगाडी, फार तर ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता असतो, दोन्ही बाजूला शेतं. शहरात जागा संपते तसे बिल्डर शेतकऱ्यांशी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट करतात, आधी टॉवर उभे राहतात, मग माणसं राहायला येतात, मग त्या ट्रॅक्टरच्या रस्त्यावर तीन हजार गाड्या येतात, आणि या सगळ्यानंतर कधीतरी महापालिका येते. २०१७ ला ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३, वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी ही सगळी त्यातली. पण गाव हद्दीत आलं म्हणजे त्या दिवशी नळाला पाणी आलं असं होत नाही, तुमच्या आत्ताच्या घराच्या आसपास धायरी-नांदेडकडे तुम्ही हे बघितलंच असेल. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आत घेऊन परत बाहेर काढली, तिथे आता वेगळी नगरपरिषद आहे. ज्याने "पीएमसी लिमिट" बघून तिथे फ्लॅट घेतला होता त्याचं काय, विचार करा.

या अर्धवटपणाचे प्रकार असतात आणि सगळे सारखे नसतात हेच लोक लक्षात घेत नाहीत. रस्ता अरुंद असणं हा एक त्रास, दिसतो म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात. पण रस्ता कधी ना कधी होतो, नाही झाला तर माणूस वेळ बदलतो, टू-व्हीलर काढतो. पाणी नसणं हे वेगळं प्रकरण आहे. माझं मत एवढंच, रस्ता खराब आणि पाणी असलेला एरिया घ्या, रस्ता चकाचक आणि टँकरवर चालणारा घेऊ नका. ब्रोकर नेमकं उलटं दाखवतो कारण रस्ता गाडीतून दिसतो, पाणी दिसत नाही.

टँकरचा हिशोब कागदावर मांडून बघा. १२० फ्लॅटची सोसायटी, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ६५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर साडेसहा. टँकर हजाराला धरा, उन्हाळ्यात त्या भावात मिळत नाही पण धरा, महिन्याला दोन लाखाच्या आसपास, फ्लॅटमागे सोळाशे रुपये. आता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या लोनला लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे सोळाशे रुपयांत तुम्ही १ लाख ८० हजारांच्या जास्तीच्या लोनचा हप्ता भरू शकला असता. तेव्हा टँकरवाला फ्लॅट दोन लाखाने स्वस्त दिसत असेल तर तो स्वस्त नाहीच, बरोबरीत आहे, आणि वर मे महिन्यात टँकरवाल्याचा फोन लागत नाही हे फुकटात. गेल्या वर्षी मी एका सोसायटीत व्हिजिटला गेलो तर सेक्रेटरी बाई फ्लॅटची किल्ली द्यायच्या सोडून गेटवर टँकर अडवून उभ्या होत्या, कारण पलीकडच्या सोसायटीने शंभर रुपये जास्त देऊन तो वळवला होता. किल्ली मला पाऊण तासाने मिळाली. त्या फ्लॅटची फरशी, किचन, सगळं उत्तम होतं.

पाण्यावरून बिल्डरला विचारलंत तर तो म्हणेल "कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे सर". असेल. कनेक्शन असणं आणि त्यातून पाणी येणं यात फरक आहे. सोसायटीच्या वॉचमनला विचारा की कालच्या दिवसात टँकर किती आले, गेटवर टँकरची एंट्री वही असते ती उघडून बघा, मार्च ते मेची पानं बघा. ही वही म्हणजे एरियाची जन्मपत्रिका आहे, तिच्यात काही लपत नाही.

दुसरी गोष्ट "होणार आहे" ची. पुण्यात "होणार आहे" वर किती वर्षं जातात याला काही सुमार नाही. एचसीएमटीआर नावाचा, शहराच्या आतूनच गोल फिरणारा रस्ता १९८७ च्या डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आहे, तेव्हा जन्मलेली मुलं आता चाळिशीला टेकली, रस्ता नकाशातच आहे. आणि लोकांना नावं कशाला ठेवू, मी स्वतः २०१७ ला सासवडकडे एका प्लॉटमध्ये मित्राबरोबर पैसे घातले, पुरंदरच्या विमानतळाची घोषणा आदल्याच वर्षी झाली होती ना. व्हॅल्युअर माणूस, दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा, आणि स्वतः घोषणेवर पैसे लावून आलो. अजून तिथे बाभळी आहेत. बायको दर दिवाळीला विचारते, विमान आलं का.

मेट्रोचंही तसंच मोजा. वनाझ ते रामवाडी या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला झालं, पहिला तुकडा मार्च २०२२ ला चालू झाला, रामवाडीपर्यंत गाडी पोचली मार्च २०२४ ला. सव्वासात वर्षं. हिंजवडी-शिवाजीनगरचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, पहिली ट्रायल जुलै २०२५ ला. आता रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्ताराला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, साडेअकरा किलोमीटरच्या वर मार्ग, ११ स्टेशनं, आणि चार वर्षं सांगितलीत. होईल, नक्की होईल. पण मी माझ्या रिपोर्टमध्ये सात धरतो आणि मधली तीन-चार वर्षं नगर रोडवर कामाचे पत्रे लागलेले असतील हेही धरतो. ब्रोकर जी किंमत सांगतोय तिच्यात मात्र मेट्रो आजच आलेली आहे. म्हणजे मेट्रोचे पैसे तुम्ही आत्ता देणार आणि पत्र्यांमधून गाडी पण तुम्हीच काढणार.

आता तुमच्याच केसमध्ये एक गंमत आहे. नळस्टॉप आणि रामवाडी एकाच लाइनवर आहेत, आणि ती लाइन चालू आहे. तुमचं खराडीचं ऑफिस रामवाडीहून रिक्षाच्या नाहीतर बसच्या अंतरावर, मिसेसचं हॉस्पिटल नळस्टॉप स्टेशनला लागून. मग तुम्हाला पुण्यातला अपकमिंग एरिया शोधायचाच कशाला? या लाइनच्या पूर्वेकडच्या टोकापासून पंधरा-वीस मिनिटांत काय परवडतं एवढंच शोधा. मांजरी तुमच्या यादीत का आहे तेच मला कळलं नाही. हडपसरला नोकरी असणाऱ्याला मी मांजरी सांगीन, पण मिसेसना तिथून नळस्टॉपला रोज जायचं म्हणजे हडपसर गाडीतळ, मगरपट्टा, सगळं वाटेत. चऱ्होली चांगली वाढतेय, रस्ते रुंद आहेत, पण ती तुमच्या दिशेची नाही, आणि दिघी-भोसरी बाजूला काही घ्यायचं झालं तर लष्कराच्या मॅगझिन डेपोचा, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराचा, ११४५ मीटरचा रेड झोन (बांधकामाला बंदी असलेला पट्टा) आधी तपासायचा असतो.

एरियावर येण्याआधी पैशाचं बघू, कारण ५५ म्हणजे ५५ चा फ्लॅट नव्हे. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. ४७ लाखांचा रिसेल फ्लॅट घेतला तर ३ लाख २९ हजार स्टॅम्प, ३० हजार रजिस्ट्रेशन, ब्रोकर एक टक्का म्हणाला तर ४७ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारांपर्यंत, म्हणजे साडेएक्कावन्नच्या आसपास गेलात. उरलेल्या साडेतीनमध्ये रंग, वायरिंग, बाथरूमची गळती आणि किचन. तेव्हा तुमचं खरं बजेट ४७ आहे. बँक ३० ते ७५ लाखांच्या लोनला किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर देत नाही, आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाही. ४७ चे ८० टक्के म्हणजे ३७ लाख ६० हजार, हप्ता ३२-३३ हजार. खिशातून ९ लाख ४० हजार आणि वरचे चार, झाले साडेतेरा. तुमचे १४ इथेच संपले, रंगाला-किचनला पीएफ काढणार की सासरे देणार ते आत्ताच ठरवा. आणि बँक अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि माझ्यासारख्याचं व्हॅल्युएशन यातलं जे कमी ते धरते. मालक ४७ म्हणाला आणि रिपोर्ट ४३ चा आला तर लोन ४३ वर. दरवर्षी दोन-तीन जण मला फोन करून शिव्या देतात त्या याच्यावरूनच.

नवीन, चालू बांधकामातला घेतला तर जीएसटी. फ्लॅट ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, ४५ च्या वर गेला की ५ टक्के, आणि ४५ मध्ये पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) सगळं आलं. म्हणजे ४४ लाख ९० हजार आणि ४६ लाख यातला फरक दिसतो एक लाख दहा हजारांचा, पडतो तीन लाखांना. मिसेसच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्पमध्ये १ टक्का सवलत आहे, जॉइंट नावावर नाही, आणि तुम्ही मालक नसाल तर तुम्हाला हप्त्याची टॅक्स सूट नाही, तेव्हा हे सीएला विचारून ठरवा, फेसबुकवर नको.

तर ४७ मध्ये काय. खराडीत नवा टू बीएचके विसरा. माझ्या हिशोबाने तुमची पहिली पसंती वडगावशेरी-चंदननगर पट्ट्यातला दहा-पंधरा वर्षं जुना फ्लॅट. लहान असेल, लिफ्ट जुनी असेल, पार्किंगची भांडणं असतील, बिल्डिंग बघून बायको नाक मुरडेल. पण रामवाडी जवळ, शाळा चालत, भाजी चालत. टू बीएचके बसत नसेल तर मोठा वन बीएचके बघा, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मला ठाऊक आहे. दुसरी पसंती विश्रांतवाडी-धानोरी. तिथे पोरवाल रोडचं ट्रॅफिक म्हणजे काय ते संध्याकाळी सातला जाऊनच बघा, आणि लोहगावच्या एअरफोर्स तळामुळे सुखोई उडालं की फोनवरचं बोलणं अर्धा मिनिट थांबवायचं, नवीन माणसाचं बाळ दचकून उठतं, महिन्याभराने उठत नाही. पण भामा आसखेडचं पाणी २०२१ च्या जानेवारीपासून पूर्व भागाला चालू झालं, वडगावशेरी, धानोरी, खराडी, कळस हे भाग त्या योजनेतले. लोहगावच्या आतल्या नव्या स्किममध्ये मात्र टँकरची वही बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. हे दोन्ही भाग कुणी अपकमिंग म्हणणार नाही, ब्रोशरमध्ये त्यांना झळाळी नाही. तेवढ्यामुळेच तुमच्या बजेटात बसतात.

वाघोली तिसरी. पूर्ण बाद नाही करत. नगर रोडपासून चालत जाता येईल अशी, भोगवटा, म्हणजे राहायला वापरायचा दाखला, मिळालेली, निम्म्याहून जास्त भरलेली सोसायटी असेल आणि पाण्याची वही बरी असेल तर घ्या, मेट्रोची वाट बघायची तयारी ठेवून. आत दोन किलोमीटर शेतातून जाणारी असेल तर नको. तिथे एक किस्सा आठवतो, पूर्वेलाच कुठेतरी म्हणतो, जागा सांगत नाही. चांगली स्किम, रेरा नंबर (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडची नोंदणी), बँकेचं अ‍ॅप्रूव्हल, सगळं होतं. मी फ्लॅट मोजला, खाली आलो, सहज विचारलं हा रस्ता डीपीचा का. कुणालाच माहीत नाही. कागद काढले तर गेटपर्यंतचे शेवटचे दीडशे मीटर एका शेतकऱ्याच्या खाजगी सातबाऱ्यातून जात होते, बिल्डरशी त्याचा तोंडी व्यवहार. दीड वर्षाने त्यांचं फिसकटलं आणि त्याने आडवी चर खणली. त्याची चूक म्हणवत नाही, जमीन त्याची होती. २०० घरं पावसाळाभर गाड्या बाहेर लावून चालत गेली. तेव्हापासून मी फ्लॅटच्या आधी रस्ता बघतो, डीपी रस्ता असेल तरी तो ताब्यात आलाय की नुसता नकाशावर आहे, हे विचारतो.

आता थोडं थांबून सांगतो कारण लांबलंय. एरियाचं नाव नंतर, आधी चालू असलेली मेट्रो लाइन, मग पाणी, मग गेटपर्यंतचा रस्ता, आणि बजेट ४७. पुढचं सगळं फसवणूक आणि तपासणी याबद्दल आहे.

नावांची फसवणूक सगळ्यात जुनी. "खराडी अ‍ॅनेक्स", "न्यू खराडी", "बाणेर अ‍ॅनेक्स", "एनआयबीएम अ‍ॅनेक्स" असलं काही ऐकलं की अ‍ॅग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये "मौजे" नंतर कुठल्या गावाचं नाव लिहिलंय ते वाचा. खराडी अ‍ॅनेक्स मौजे वाघोली निघतं, बाणेर अ‍ॅनेक्स मौजे सूस नाहीतर म्हाळुंगे. वाघोली वाईट नाही हो, पण वाघोलीचा भाव द्या, खराडीचा का देता.

भाव खरा कळायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, त्यात गाव आणि सर्व्हे नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, बघता येतो, शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट खरोखर कितीला रजिस्टर झाला ते दिसतं. साइट मधेमधे रुसते, रात्री प्रयत्न करा. रिसेलमध्ये थोडे पैसे वरून दिलेले असतात हे धरून चाला, तरी ब्रोकरच्या आकड्याला लगाम बसतो. भाव करताना मालकासमोर तीन इंडेक्स टूच्या प्रिंट ठेवल्या की बोलण्याचा सूरच बदलतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण ४७ पेक्षा स्वस्त शोधायला लागलात की इथेच पाय घसरतो. समाविष्ट गावांत, विशेषतः आंबेगाव, नऱ्हे, मांगडेवाडी या बाजूला आणि पूर्वेलाही, तीस-बत्तीस लाखांत टू बीएचके दिसतात. दोन गुंठ्यांवर पाच मजले, परवानगी ग्रामपंचायतीची, नाहीतर तीही नाही. ते विकणारा म्हणेल लोन होतंय, आम्ही करून देतो. कुठली बँक विचारा. मोठ्या बँकेचं नाव न घेता कुठली तरी पतसंस्था किंवा फायनान्स कंपनी बारा-तेरा टक्क्यांनी देतेय असं निघालं तर तिथून चहा न पिता उठा. मी असे कित्येक रिपोर्ट निगेटिव्ह देतो, लोक गयावया करतात, टोकन दिलंय म्हणतात, वाईट वाटतं, पण महापालिकेचा किंवा पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर नकाशा नाही, भोगवटा नाही, तर तो फ्लॅट उद्या तुम्ही कुणाला विकणार? फक्त तुमच्यासारख्याच घाईतल्या माणसाला.

चालू बांधकामाचं म्हणाल तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पान उघडा, मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही बघा, कोर्टकेसचा भाग बघा, जमिनीवर कुठल्या फायनान्सरचा बोजा आहे ते बघा. रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, मागितले तर तिथेच समजा. उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क आहे, पण ऑर्डर मिळणं एक आणि पैसे हातात पडणं दुसरं. तुम्ही आत्ता भाडं भरताय, वर हप्ता चालू झाला की दोन्ही एकदम, तेव्हा तुमच्यासारख्यांनी तयार घर घ्यावं या मताचा मी आहे. म्हाडाच्या पुणे मंडळाची लॉटरी निघते तेव्हा अर्ज मात्र टाकत जा, मोठ्या खाजगी स्किममधली २० टक्के घरं तिच्यात येतात आणि तुम्ही उत्पन्नाच्या गटात बसत असाल तर त्या भावात बाहेर काही मिळत नाही. नशिबाचा खेळ आहे, त्याच्यावर थांबून राहू नका.

नदी आणि ओढा. पूररेषा नकाशावर निळी आणि लाल असते, निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांची. चिखलीत इंद्रायणीकाठी निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले, लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती. तुमच्या आत्ताच्या घराजवळ सिंहगड रोडला एकतानगरीत २०२४ च्या जुलैत पाणी शिरलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल. मुळा-मुठेच्या काठचं, केशवनगर-मांजरीकडचं काही बघत असाल तर "रिव्हर व्ह्यू" हे शब्द ऐकून आनंद होऊ देऊ नका, पूररेषेचा नकाशा मागा. कचऱ्याचंही तसंच, पुनावळ्यात टॉवर भरल्यावर लोकांना कळलं की शेजारी कचरा डेपोचं आरक्षण आहे, मोर्चे निघाले, २०२३ च्या शेवटी ते रद्द करायची घोषणा झाली. ते सुटले. उरुळीच्या डेपोच्या वाऱ्याखाली राहणारे इतकी वर्षं नाही सुटले. डीपीचा नकाशा बघताना आपल्या प्लॉटचा रंग बघून थांबू नका, आजूबाजूचा अर्धा किलोमीटर बघा.

फ्लॅट बघायला रविवारी अकराला जाऊ नका, तेव्हा प्रत्येक एरिया चांगला दिसतो. मंगळवारी सकाळी साडेआठला जा, तिथून खरोखर ऑफिसला जाऊन बघा, मिसेसनी त्याच दिवशी नळस्टॉपला. मग रात्री नऊला जा आणि बिल्डिंगमध्ये किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. दहातले चार असतील तर बाकी सहा गुंतवणूकवाल्यांचे, ते मेंटेनन्स वेळेवर देत नाहीत आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तेही काढतात. आणि एक माझं खाजगी माप आहे, हसू नका, मी पिठाची गिरणी आणि पाळणाघर शोधतो. कॅफे आणि जिम बिल्डरच उघडून देतो. गिरणी कुणी उघडून देत नाही, रोज दळण आणणारी पाचशे घरं असल्याशिवाय गिरणीवाला मीटर घेत नाही. वाघोलीत दोन सोसायट्यांमध्ये अडकला असाल तर जिच्या रस्त्यावर गिरणी आहे ती घ्या.

राहिला टॉप फ्लोअर. दीड लाखासाठी नको. पुण्यात दहा वर्षं जुन्या बिल्डिंगची गच्ची गळते, सोसायटी वॉटरप्रूफिंगचा खर्च तीन मिटिंगा पुढे ढकलते आणि तोपर्यंत बादली तुमच्या बेडरूममध्ये. एप्रिल-मेचं ऊन वेगळं. तरी फ्लॅट फारच आवडला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार दिवस पाऊस झाल्यावर परत बघायला जा, बेडरूमच्या छताचे कोपरे आणि बाथरूमच्या वरची भिंत बघा. मालकाने सगळ्या घराला जुना रंग ठेवून एकाच खोलीचं छत ताजं रंगवलं असेल तर दीड नाही, चार लाख कमी मागा, आणि गच्चीच्या कामाचा ठराव सोसायटीच्या मिनिट बुकात आहे का ते सेक्रेटरीकडून बघून घ्या.